दिव्यांग व्यक्तींसाठी मोफत वकील: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला शासनाच्या खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातील तीन लाख रुपयांची वार्षिक मर्यादा कानावर आली की पगारदार किंवा बागायतदार घरातील दिव्यांग माणसाला आपण या सोयीत बसत नाही असे वाटू शकते. ती मर्यादा त्याला लागू नाही, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याने अर्ज अडवून ठेवू नये.

अर्ज तालुका न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील उच्च न्यायालयाच्या प्रकरणांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात स्वतंत्र विधी सेवा उपसमिती आहे. लिहिता न येणाऱ्या अर्जदाराची तोंडी माहिती या कार्यालयांत लिहून घेतली जाते, आणि घराबाहेर पडणे कठीण असेल तर 15100 या निःशुल्क क्रमांकावर प्राथमिक सल्ला मिळतो. अर्जासोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी), आधार कार्ड आणि वादाशी संबंधित नोटीस, आदेश वा पत्रव्यवहाराच्या प्रती जोडाव्यात, व अर्जाची पोच अवश्य घ्यावी. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे पाहून निर्णय होतो. अर्ज फेटाळला गेल्यास त्या संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येते.

मात्र प्रत्येक तक्रारीला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही, आणि वकील शोधण्याआधी हे तपासणे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. शासकीय नोकरीतील 4 टक्के व उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षणासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. परंतु समान वागणूक आणि छळापासून संरक्षण या हक्कांना ती टक्केवारीची अट नाही. समजा, एखाद्या शासकीय वाहनचालकाची दृष्टी सेवेत असताना गेली, तर कलम 20 नुसार त्याला कामावरून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावे लागते, आणि तसे पद रिक्त नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पदावर सामावून घ्यावे लागते. अशा कर्मचाऱ्याने प्रथम आपल्याच कार्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार नोंदवावी. नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यानंतर जिल्हास्तरीय समिती आणि पुण्यातील दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय हे मार्ग खुले आहेत. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

घरात मारहाण, उपासमार किंवा पिळवणूक होत असेल, तर 2016 च्याच अधिनियमाच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे माहिती देता येते. ही माहिती शेजारी किंवा नातेवाईकही देऊ शकतात. जाहीरपणे हेतुपुरस्सर अपमान करणे हा कलम 92 खालील गुन्हा असून त्याला सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे.

प्रकरण न्यायालयातच न्यायचे असेल, तर मोफत वकिलाच्या अर्जात प्राधिकरणाच्या पॅनेलवरील (वकिलांच्या यादीतील) पसंतीच्या वकिलाचे नाव सुचवता येते. नेमलेल्या वकिलाने अशिलाकडून फी घेणे नियमबाह्य आहे. तशी मागणी झाल्यास किंवा वकील तारखांना हजर राहत नसल्यास प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी कळवून दुसरा वकील मागावा.