गेटच्या आत, गेटच्या बाहेर : कामावरच्या अपघाताच्या भरपाईची पार्श्वभूमी

कारखान्यात स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी नागपूरच्या पेपरात मृतांच्या आकड्याखाली मदतीचा आकडा येतो. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जणांचा जीव गेला, तेव्हा सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख जाहीर केले. पुढे जून २०२४ मध्ये धामण्याजवळ आणि एप्रिल २०२५ मध्ये उमरेडच्या एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाले, पुन्हा घोषणा झाल्या. या घोषणांमुळे एक गैरसमज पक्का झाला आहे : जाहीर झाली तीच भरपाई. तसे नाही. मदत सरकारच्या मर्जीची असते. भरपाई हे मालकाच्या डोक्यावर कायद्याने बसलेले देणे आहे आणि मदत मिळाली म्हणून ते कमी होत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात दिलेला पैसा, तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरलाच जात नाही. रक्कम भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांकडे (नोव्हेंबर २०२५ पासून ‘सक्षम प्राधिकाऱ्या’कडे) जमा करावी लागते, वाटणी ते करतात. सही-अंगठा घेऊन पाकीट देणाऱ्यांना हा नियम ठाऊक नसतो असे नाही.

स्फोटांची बातमी होते. प्रेस मशीनमध्ये गेलेल्या बोटांची होत नाही, आणि पहिल्या पाळीला निघालेला हेल्पर वर्धा रोडवर ट्रकखाली आला तर तो ‘रस्ता अपघात’ म्हणून आतल्या पानावर जातो. तो कामावरचा अपघात आहे की नाही, यावर या देशात साठ-पासष्ट वर्षे भांडण चालले. ते भांडण समजल्याशिवाय आजचा कायदा समजत नाही, म्हणून या नोंदीत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

जुना भाग थोडक्यात. नागपूरची एम्प्रेस मिल ही कापड गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देणे सुरू झाले, तेव्हा देशात तसा कायदाच नव्हता. नागपूरकर हे अभिमानाने सांगतात आणि सांगावेच. फक्त ती एका मालकाची समज होती, बाकीच्या मालकांवर तिचे काही बंधन नव्हते. बंधन आले ते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, जो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मृत्यूला ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतले जे कमी असेल ते. आजच्या कायद्यात गणिताने आलेली रक्कम किंवा ठरलेली किमान रक्कम, यांतले जे जास्त असेल ते मिळते. कमीवरून जास्तवर यायला साठ वर्षे लागली.

१९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा आला. योजना १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये नागपुरात पोचली, तेव्हा हे शहर मध्यप्रदेशाची राजधानी होते. सोमवारीपेठेतला कामगार विमा दवाखाना जुन्या गिरणी कामगारांच्या घराघरात माहीत आहे, त्यावर वेगळे सांगायला नको. मुद्दा एवढाच की त्या दिवसापासून दोन वाटा झाल्या. ज्याच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते त्याला अपंगत्वाचे पैसे विमा महामंडळाकडून महिन्याच्या महिन्याला मिळतात. त्याला मालकावर १९२३ च्या कायद्याखाली दावा लावता येत नाही. हे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले, तरी आजही असे दावे दाखल होतात, दोन-तीन वर्षे तारखा पडतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते की हा माणूस विमाधारक होता. ज्याचे ईएसआय नाही, त्याने कामगार न्यायालयात जायचे. नागपुरात तिथले न्यायाधीशच भरपाई आयुक्तांचे काम बघत आले आहेत.

आकडे दुसऱ्या वाटेवर जास्त बोलके आहेत. मृत्यूला महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के, कायम पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तिसाव्या वर्षी गुणक २०७.९८, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. खोच पगारात आहे. खरा पगार कितीही असो, हिशेबाला एक मर्यादा धरली जाते. ती डिसेंबर २००० मध्ये ४,००० झाली, मे २०१० मध्ये ८,००० आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,०००. तीस वर्षांचा, १५ हजार पगाराचा माणूस मे २०१० च्या आदल्या महिन्यात गेला असता तर घरी ४,१५,९६० रुपये, डिसेंबर २०१९ मध्ये गेला असता तर ८,३१,९२० आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १५,५९,८५०. माणूस तोच, पगार तोच, बाई-पोरे तीच. मर्यादा अपघाताच्या दिवशीची लागते, निकालाच्या दिवशीची नाही.

ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० आहे. म्हणजे २५ हजार कमावणारा ऑपरेटर ईएसआयच्या बाहेर गेला आणि दुसऱ्या वाटेवर आला, तर तिथे त्याचा पगार १५ हजारच धरणार. पगारवाढ झाली म्हणून पेढे वाटणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

बोटांचा तक्ता १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात होता. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२. हिंगणा एमआयडीसीतल्या जुन्या प्रेस ऑपरेटरना हे टक्के तोंडपाठ असतात. पण तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. डावा हात कोपराच्या वर गेलेल्या सुताराला तक्त्याप्रमाणे अर्धवट अपंग म्हणायचे की पूर्ण, हा वाद १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याचे अपंगत्व शंभर टक्के. त्याच निकालात भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, असेही ठरले. मध्यंतरी काही निकालांनी ती तारीख आदेशाच्या दिवसावर ढकलली होती; २०१२ मध्ये ती पुन्हा जागेवर आली. व्याज १२ टक्के आहे, त्यामुळे दहा-दहा वर्षे चालणाऱ्या खटल्यात ही तारीख म्हणजे मुद्दलाहून मोठी रक्कम ठरू शकते.

आता गेटचा प्रश्न.

कायद्याची अट पहिल्या दिवसापासून एकच : अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेला असावा. घरून निघाल्यावर काम सुरू होते की गेटमध्ये शिरल्यावर? १९५८ मध्ये पोरबंदरजवळच्या मिठागरातल्या कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. कामावरून परतताना खाडी ओलांडणारी नाव उलटली आणि माणसे बुडाली. नाव सगळ्या लोकांसाठी होती, मालकाची नव्हती; भरपाई नाही. तत्त्व मात्र न्यायालयाने मान्य केले की कामाची जागा आणि वेळ गेटच्या थोडी बाहेरपर्यंत ताणता येते. किती ताणायची, हे प्रत्येक प्रकरणावर सोडले. १९६३ मध्ये मुंबईच्या बस चालकाच्या प्रकरणात ती चांगली लांब ताणली गेली. ड्युटी संपवून तो दुसऱ्या बसने घरी जात होता, वाटेत अपघातात गेला. बससेवा चालवणाऱ्यांनीच चालकांना गाडीतून फुकट जाण्याची मुभा दिली होती, कारण त्यांना वेळेवर डेपोत हजर करणे ही सेवेचीच गरज होती. भरपाई मिळाली, तीही एकमताने नव्हे.

त्यानंतरची तीसेक वर्षे वकिलांनी या दोन टोकांमध्ये काढली. मालकाची बस होती का? दुसरा रस्ता होता का? कंपनीची गाडी उलटली तर भरपाई आणि स्वतःच्या सायकलवर मेला तर नाही, असा बाजारू हिशेब त्यातून तयार झाला.

मग १९९६ चाच आणखी एक निकाल. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत कोरडा निकाल आहे. केरळमधला कामगार, २६ जून १९७१. साडेचारची पाळी, सव्वाचारला तो सायकलवरून कारखान्यापासून एक किलोमीटरवर होता. ट्रकने धडक दिली, खांद्याचे हाड मोडले. ट्रक होता त्याच्याच मालकाचा. विमा न्यायालयाने त्याला लाभ दिला, उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचे मतच जुळले नाही, म्हणून प्रकरण मोठ्या पीठापुढे गेले. तिथे ठरले की कामाला जायला निघणे म्हणजे काम सुरू होणे नव्हे; रस्ता सगळ्यांचा आहे आणि रस्त्यावरचा धोका कामगाराला इतर माणसांसारखाच आहे. खांदा मोडल्याला तोवर पंचवीस वर्षे झाली होती.

या निकालाची बाजू घेणारे सांगतात की रेषा कुठेतरी ओढावीच लागते, नाहीतर बाजारात भाजी घ्यायला थांबलेल्या माणसाचाही विमा मालकाने भरायचा. मुद्दा तर्काला धरून आहे. पण ती रेषा ओढताना कारखाने शहरात होते आणि कामगार चाळीत राहत होता. एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की माणसे चालत निघायची. बुटीबोरीच्या एमआयडीसीला कोण चालत जातो? शहरापासून तीसेक किलोमीटर, वर्धा रोड, सकाळची पाळी, हिवाळ्यात धुके. वानाडोंगरी-इसासनीला खोली घेऊन हिंगण्याला सायकलने जाणारा आणि मौद्याच्या बाजूला मोटरसायकलने जाणारा, दोघांनाही हा रस्ता ‘सगळ्यांसारखा’ नाही. पहाटे पाचला तो तिथे असतो तो कारखान्याने ती पाळी लावली म्हणून.

संसदेने २०१० मध्ये दुरुस्ती केली. १ जून २०१० पासून राज्य विमा कायद्यात ५१-ई हे कलम आले : घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात कामातलाच समजायचा, परंतु परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. १९९६ चा निकाल यामुळे ईएसआयवाल्यांपुरता संपला. ज्याला ईएसआय नाही, त्याच्या १९२३ च्या कायद्यात मात्र अशी दुरुस्ती झालीच नाही. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी पडलेल्या दोन कामगारांपैकी कार्डवाल्याला लाभ, बिनकार्डाच्याला नाही. हे पंधरा वर्षे चालले.

ते संपले मराठवाड्यातल्या एका प्रकरणाने. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा पहारेकरी, पहाटे तीन ते अकरा अशी ड्युटी. २२ एप्रिल २००३ ला तो मोटरसायकलने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुले, आई. २००९ मध्ये आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिले. विमा कंपनी अपिलात गेली, २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. २९ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. दोन्ही कायद्यांचा हेतू एक, अटीचे शब्दही तेच, मग ५१-ईचा अर्थ दुसऱ्या कायद्यातही लावायचा, असे न्यायालयाने सांगितले. त्याहून महत्त्वाचे हे की ५१-ई नवा हक्क देत नाही, आधीचाच अर्थ स्पष्ट करते. म्हणून २०१० च्या आधीच्या अपघातालाही ते लागू. रात्री तीनच्या ड्युटीला निघालेला पहारेकरी दुसऱ्या कशासाठी त्या रस्त्यावर असणार, हा प्रश्न बावीस वर्षांनी निकाली निघाला.

चार महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे तिच्यात विरघळले, आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला आणि येण्या-जाण्यातल्या अपघाताची तरतूद भरपाईच्या प्रकरणातही लिहिली गेली. गुणक, टक्के, परिशिष्टे यांची चौकट ओळखीचीच राहिली आहे.

संबंध सिद्ध करण्याचे ओझे मात्र तिथेच आहे, आणि नागपुरात खरी अडचण इथे आहे. कायम कामगाराचे हजेरीकार्ड असते, पाळीचा तक्ता असतो, गेटची नोंद असते. ठेकेदाराकडच्या माणसाला आदल्या रात्री फोनवर सांगतात, ‘उद्या सहाला ये.’ तो वाटेत पडला की ठेकेदार म्हणतो, हा आमचा नाहीच. कंपनी म्हणते, ठेकेदाराला विचारा. कायदा याबाबत जुनाच आणि स्पष्ट आहे : मूळ मालकाने आधी भरायचे, मग हवे तर ठेकेदाराकडून वसूल करायचे. पण माणूस त्या दिवशी कामावर निघाला होता, हे दाखवायला घरच्यांकडे उरतो तो मोबाइलमधला फोन आल्याचा वेळ, पोलिसांच्या पंचनाम्यातली जागा, गाडीला लटकलेला डबा आणि सोबतच्या कामगाराची साक्ष. ती साक्ष देणारा अजून त्याच ठेकेदाराकडे कामाला असतो.

मुलाला शाळेत सोडून मग कंपनीकडे वळलेला माणूस, डबल ड्युटी करून झोपेत गाडी चालवणारा, लेबर नाक्यावरून टेम्पोत बसवून नेलेले बिगारी, यांचा संबंध किती ताणायचा हे प्रत्येक प्रकरणात वेगळे ठरेल. २०२५ च्या निकालाने दार उघडले आहे, उंबरठा किती उंच ते खालची न्यायालये ठरवतील. नागपूर खंडपीठात प्रलंबित असलेल्या जुन्या अपिलांमध्ये अपघात रस्त्यावर झाला एवढ्याच कारणाने दावा हरलेल्यांनी वकिलाला हा निकाल दाखवायला हवा. अपील निकाली निघाले नसेल तरच त्याचा उपयोग आहे.