एमटी ४९ चहादाणी
जर्मन धातुकार मारियाने ब्रांट (१ ऑक्टोबर १८९३ – १८ जून १९८३) यांनी १९२४ मध्ये वायमार येथील बाउहाउस कलाशाळेत घडवलेली चांदीची छोटी चहादाणी. ‘एमटी’ ही तेथील धातुकाम विभागाची खूण. ही चहादाणी रोजचा चहा करण्यासाठी नाही. तिच्यात दाट अर्क तयार करायचा, थोडासा कपात ओतायचा आणि वर गरम पाणी घालून हवा तेवढा कडक चहा करून घ्यायचा. म्हणूनच तिची उंची जेमतेम साडेसात सेंटिमीटर आहे. चित्रात पाहून ती मोठी असेल असे वाटते, पण प्रत्यक्षात ओंजळीत मावते.

भांडे म्हणजे एक अर्धगोल. तो फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांवर टेकलेला आहे. बाजूला अर्धवर्तुळाकार कान, वर गोल झाकण. कानाला आणि झाकणाच्या मुठीला आबनूस हे काळेभोर लाकूड वापरले आहे, त्यामुळे चटका बसत नाही. झाकण मधोमध न बसवता तोटीपासून दूर सरकवलेले आहे, म्हणजे ओतताना त्याच्या कडेने थेंब गळत नाहीत. गाळणी आतच बसवलेली. भूमितीचा हा खेळ केवळ दिसण्यासाठी नाही, तो वापरात उतरतो, आणि हेच या वस्तूचे खरे मोठेपण.

घडणीत मात्र एक विसंगती आहे. वस्तू यंत्रातून निघाल्यासारखी दिसते, पण प्रत्येक नग हाताने ठोकून घडवलेला आहे. ज्ञात असलेले मोजके नग म्हणूनच एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यातले काही न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि लंडनचे ब्रिटिश संग्रहालय यांच्याकडे आहेत. ही चहादाणी कारखान्यात कधीच गेली नाही. सर्वांच्या घरात पोहोचण्याची भाषा करणाऱ्या संस्थेची ही गाजलेली वस्तू चांदीत अडकून राहिली.

ब्रांट यांचा जन्म केम्निट्झचा. आधी त्या चित्रकला व शिल्पकला शिकल्या होत्या. पुढे आपली चित्रे त्यांनी जाळून टाकली. बाउहाउसमध्ये मुलींची रवानगी सहसा विणकाम विभागात होई. ब्रांट मात्र धातुकाम विभागाचे प्रमुख लास्लो मोहोली-नॉद्य यांच्या पाठिंब्याने धातुकामात आल्या. धातुकामात बाईला जागा नाही, अशीच तिथल्यांची समजूत होती, हे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे. सुरुवातीला त्यांच्या वाट्याला ठिसूळ जर्मन सिल्व्हरचे (तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रधातूचे) चिमुकले अर्धगोल ठोकत बसण्याचे कंटाळवाणे काम आले. चहादाणीचा अर्धगोल पाहताना ते काम आठवल्याशिवाय राहत नाही.

१९२५ मध्ये शाळा डेसाउला हलली. मोहोली-नॉद्य गेल्यावर, १९२८ मध्ये, विभागाची सूत्रे ब्रांट यांच्याकडेच आली. लाइपझिगच्या कांडेम कंपनीसाठी हिन ब्रेडेनडिक यांच्यासोबत त्यांनी टेबलावरचे आणि पलंगाशेजारचे दिवे तयार केले, आणि ते खरोखर मोठ्या प्रमाणावर निघाले. पुढे गोथा येथील रुपेलवेर्क कारखान्यात १९३२ पर्यंत त्यांनी घरगुती धातूच्या वस्तूंची रचना केली. युद्धानंतर ड्रेस्डेन आणि पूर्व बर्लिन येथे शिकवले. किर्शबेर्ग येथे त्यांचे निधन झाले. २००७ मध्ये सोदबीजच्या लिलावात एमटी ४९ चा एक नग ३,६१,००० डॉलरला विकला गेला.