कोणता ब्राउझर, कोणतं मेसेजिंग ॲप? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लॅपटॉप फॉरमॅटला किंवा फोन दुरुस्तीला देताना बरेच जण जाता जाता विचारतात, "क्रोमच ठेवू की दुसरं काही टाकू?" नाहीतर, "व्हॉट्सॲप सोडून सिग्नलवर जायचं का?" काउंटरवर गर्दी असली की आमचं उत्तर दोन वाक्यांत उरकतं आणि ते अपुरं पडतं. म्हणून हे पत्रक. खाली सांगितलेले ब्राउझर आणि मेसेजिंग ॲप्स फुकट मिळतात, आम्हाला त्यात कुणाकडून कमिशन नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. "सगळ्यात चांगला ब्राउझर" शोधत बसू नका, दोन ठेवा. एक फक्त पैशांच्या आणि सरकारी कामांसाठी: बँक, वीजबिल, आयकर, सातबारा. दुसरा बाकी सगळ्यासाठी: बातम्या, रेसिपी, क्रिकेटचा स्कोअर, मुलांचे गेम. देवघरातला चमचा आपण आमटीला वापरत नाही, तेवढंच हे सोपं आहे. दुसऱ्या ब्राउझरमध्ये काही नको ते घुसलं तरी ते बँकेच्या लॉगिनपर्यंत सहसा पोचत नाही.

नावं अनेक, इंजिनं तीन

क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, झोहोचा उला हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर, म्हणजे साइट उघडून दाखवणाऱ्या आतल्या एकाच इंजिनावर, उभे आहेत. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा स्वतःचं इंजिन सोडलं आणि जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचा एज आणला. मोझिलाचा फायरफॉक्स वेगळ्या इंजिनावर चालतो, ॲपलचा सफारी तिसऱ्या. आपल्याकडच्या आयफोनवर तर आयकॉन क्रोमचा असला तरी आत इंजिन सफारीचंच असतं. याचा व्यवहारात उपयोग असा, की एखादी साइट क्रोममध्ये अडली तर एजमध्ये उघडून बघण्यात फारसा अर्थ नाही, फायरफॉक्समध्ये बघा.

विंडोजच्या लॅपटॉपवर एज आधीपासून असतो आणि आपण त्याचा वापर फक्त क्रोम उतरवून घ्यायला करतो. आमच्या मते पैशांच्या कामाला तोच ठेवावा. एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकू नका, बँकेचा पत्ता स्वतः टाइप करून एकदाच बुकमार्क करा आणि पुढे त्याच बुकमार्कवरून आत जा. गूगलमध्ये बँकेचं नाव टाकून वर येणाऱ्या पहिल्या लिंकवर जाऊ नका, कारण ती कधी कधी जाहिरात असते. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. तेव्हा बुकमार्क करताना पत्त्याचा शेवट बघून घ्या.

टेंडर भरणारे आणि डिजिटल सहीचा टोकन वापरणारे ग्राहक अजून इंटरनेट एक्सप्लोरर मागतात. तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. एखादी जुनी साइट त्याच्याशिवाय उघडतच नसेल तर एजमध्ये आयई मोड नावाची सोय आहे, ती आम्ही चालू करून देतो.

दुसरा ब्राउझर म्हणून आम्ही फायरफॉक्स सुचवतो, आणि त्याचं मुख्य कारण जाहिराती. युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केल्यापासून तिथे त्याची हलकी आवृत्तीच वापरता येते. शिवाय अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही ते बसतं, फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोयच नाही. घरात आजोबा फोनवर बातम्या वाचत असतील तर एवढं एक बसवून द्या. "डाउनलोड" लिहिलेली खोटी हिरवी बटणं दिसायचीच बंद होतात.

कोपऱ्यात "व्हायरस सापडला" असं येतंय?

"मशिनमध्ये व्हायरस शिरलाय" म्हणून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा व्हायरस नसतोच. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली लाल चौकट येते, पाच धोके सापडले म्हणते, एखाद्या नावाजलेल्या अँटिव्हायरसचं चित्र असतं, आणि बंद केली की दहा मिनिटांनी परत हजर. ही ब्राउझरची नोटिफिकेशन असते. सिनेमा शोधताना किंवा फुकट पीडीएफ उतरवताना "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" असं कुठेतरी आलेलं असतं आणि आपण दाबलेलं असतं.

काढायची रीत: क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसते. तुम्हाला माहीत नसलेली विचित्र नावं एकेक करून काढून टाका आणि वर "साइट्सनी परवानगी मागूच नये" हा पर्याय निवडा. एजमध्येही साधारण असंच आहे. त्या चौकटीतल्या नंबरवर फोन मात्र करू नका. पलीकडचा माणूस स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतो आणि खरी लूट तिथून सुरू होते.

जुनी मशिनं

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. तिथे क्रोम उघडतो, चालतो, पण नव्या सुरक्षा दुरुस्त्या येत नाहीत. अशा मशिनवर टायपिंग करा, टॅली बघा, पण नेटबँकिंग करू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर काय करायचं ते मशिन बघूनच सांगता येईल.

चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर "हलका ब्राउझर" मागणाऱ्यांना आम्ही खरं तेच सांगतो: क्रोमियमवरच्या ब्राउझरांमध्ये फार फरक पडत नाही. एजमध्ये स्लीपिंग टॅब्ज आणि क्रोममध्ये मेमरी सेव्हर चालू करा, आणि पंधरा टॅब उघडे ठेवायची सवय सोडा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवल्यावर जो फरक पडतो तो ब्राउझर बदलून पडत नाही. आम्ही एसएसडी विकतो, त्यामुळे हे ऐकताना तुम्ही हसणार हे माहीत आहे. शेजारच्या दुकानातून घेतली तरी बसवून देऊ.

यूसी ब्राउझर अजून काही फोनमध्ये दिसतो. २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपांत तो होता. कुठून तरी फाइल मिळवून टाकला असेल तर काढा. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी, तिच्याबद्दल एवढंच: तिने त्या मशिनवर इतिहास उरत नाही, पण ऑफिसच्या नेटवर्कला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं.

व्हॉट्सॲप सोडायचं का?

सोडून जाणार कुठे? सोसायटीची नोटीस, शाळेचा गृहपाठ, दूधवाल्याचा हिशेब, सगळं तिथेच. तेव्हा ते नीट कुलूप लावून वापरा.

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय मधल्या कुणालाच वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. मात्र तुम्ही कुणाशी आणि किती वेळा बोलता, ही माहिती कंपनीकडे असते. आणि गूगल ड्राइव्हवर जाणाऱ्या बॅकअपला हे कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन ते वेगळं चालू करावं लागतं. त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. विसरलात तर आम्हीच काय, व्हॉट्सॲपही तो बॅकअप उघडू शकत नाही.

"जीमेल भरलं, मेल येत नाहीत" ही तक्रारही इथूनच येते. पूर्वी हा बॅकअप ड्राइव्हच्या जागेत मोजला जात नसे, आता तो फुकटच्या १५ जीबीत धरला जातो. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ बॅकअपमधून वगळा आणि मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा.

आणखी तीन गोष्टी आजच करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. लिंक्ड डिव्हायसेस उघडून तिथे अनोळखी कॉम्प्युटर तर नाही ना ते पाहा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि लॉगआउट राहिलं, हे सर्रास होतं. आणि प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये मला कोण घेऊ शकेल, तिथे "माय कॉन्टॅक्ट्स" करा. शेअर बाजाराच्या टिप्सचे भामटे ग्रुप याने बरेचसे टळतात.

फॉरवर्डवर मर्यादा का आली, हे अनेकांना आठवत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. देशात इतरत्रही असे प्रकार घडत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायचं बंधन आणलं. दुहेरी बाण दिसला की समजा, मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलाय.

लग्नपत्रिका कधीही एपीके नसते

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून फाइल येते: "लग्नपत्रिका", "आरटीओ चलान", "पीएम किसान यादी". नावाच्या शेवटी डॉट एपीके असतं. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, व्हिडिओ असते. एपीके म्हणजे ॲप. पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याचाच फोन आधी फसलेला असतो.

फाइलवर बोट लागलं म्हणजे लगेच सगळं गेलं असं नाही. फोन आधी "अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायला परवानगी देऊ का" असं विचारतो. तिथे मागे फिरलात तर वाचलात. परवानगी दिलीत की ते ॲप एसएमएस वाचायची मुभा मागतं आणि बँकेचे ओटीपी परस्पर पुढे जाऊ लागतात. टाकलंच गेलं असेल तर लगेच एअरप्लेन मोड करा, वाय-फायही बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार नोंदवा. त्यानंतर फोन आमच्याकडे आणा. आधी आमच्याकडे नको, त्यात मोलाचा वेळ जातो.

बाकीची ॲप्स

टेलिग्राम मोठ्या फाइल्सना, स्पर्धा परीक्षांच्या नोट्सना आणि दोन लाखांपर्यंतच्या ग्रुपना उत्तम. पण ते "जास्त सुरक्षित" हा समज चुकीचा आहे. तिथल्या नेहमीच्या चॅट कंपनीच्या सर्व्हरवर असतात, एंड-टू-एंड कुलूप फक्त सीक्रेट चॅटला, आणि ग्रुपला तर नाहीच. आधार, पॅन, पासबुकचे फोटो तिथे साठवू नका.

सिग्नल ना-नफा संस्थेचं आहे आणि माहिती सगळ्यात कमी जमवतं. वकील, डॉक्टर किंवा घरातल्या खाजगी बोलण्याला आम्ही तेच सुचवू. एक सावधगिरी मात्र हवी: बॅकअप स्वतः चालू केला नसेल तर फोन फॉरमॅट झाल्यावर जुन्या चॅट परत येत नाहीत.

झोहोचं अरट्टई २०२१ मध्ये आलं आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदम गाजलं. देशी आहे, साध्या फोनवर बरं चालतं. टाकून बघायला हरकत नाही, फक्त आपली माणसं तिथे आहेत का ते आधी पाहा.

फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फोटो नेहमीसारखा पाठवला की दाबला जाऊन बारीक होतो, तेव्हा तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की अक्षरांचा चुराडा होतो. तो युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर पीडीएफ पाठवा.

दुकानात येताना

फोन दुरुस्तीला देण्याआधी व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्हींचा बॅकअप घ्या. जमत नसेल तर घाई न करता काउंटरवर सांगा, समोर बसून घेऊ. लॅपटॉपसोबत चार्जर आणा. ब्राउझरमधले पासवर्ड, यूपीआय पिन, ओटीपी आम्हाला सांगू नका. कुठे टाकायचे असतील तर मशिन तुमच्याकडे वळवतो, तुम्हीच टाका. नोटिफिकेशन काढणं, पिन लावणं आणि दुसरा ब्राउझर बसवणं यांचे आम्ही पैसे घेत नाही. फक्त शनिवारी संध्याकाळी येऊ नका, तेव्हा बसायलाही जागा नसते.