पडलेल्या दाताचं मूळ गेलं कुठे?

सकाळी अंथरूण झटकताना फरशीवर टक्‌कन काहीतरी पडलं. उचलून पाहिलं तर आमच्या मांजराच्या साडेपाच महिन्यांच्या पिल्लाचा सुळा. बारीकसा, टोकाला सुईसारखा, आणि दुसऱ्या बाजूने चक्क पोकळ. मूळ नाहीच! घरात लगेच तर्क सुरू झाले: दात मोडला का, कुठे आपटलं का, कॅल्शियम कमी पडलं का. मला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं, कारण पिल्लं पडलेले दात बहुधा खाता खाता गिळूनच टाकतात.

आधी हिशेब. पिल्लू जन्मतं तेव्हा तोंडाचं बोळकं असतं. दोन-तीन आठवड्यांत पुढचे पटाशीचे दात डोकावतात, पाठोपाठ सुळे, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास उपदाढा. दुधाचे दात एकूण 26. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांत 30 पक्के दात येतात. वाढलेल्या चार म्हणजे खऱ्या दाढा. आपल्यासारखंच मांजरातही दाढांना दुधाची आवृत्ती नसते. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाचं वय डॉक्टर तोंड उघडून सांगतात ते याच वेळापत्रकावरून.

आता मुळाकडे येऊ. नवा दात खालून ढकलतो आणि जुना पडतो, असं आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो. पण दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब असतं आणि असंख्य तंतूंनी जबड्याच्या हाडाला बांधलेलं असतं. नुसत्या धक्क्याने ते निघायचं नाही. ते आतल्या आत खाल्लं जातं.

खाणाऱ्या पेशींना ओडोंटोक्लास्ट म्हणतात. हाडं पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्टच्या या सख्ख्या बहिणी. रक्तपेशींच्या कुळातल्या अनेक लहान पेशी एकमेकींत विरघळून ही एक मोठी, अनेक केंद्रकांची पेशी बनते. ती मुळाला चिकटते आणि कडेने गोल सील लावते, वाटी पालथी घालून दाबावी तशी. वाटीच्या आतला तिचा पडदा झालरीसारखा चुण्याचुण्यांचा असतो. त्यातून ती हायड्रोजन आयन बाहेर पंप करते, क्लोराइड मागोमाग येतं, म्हणजे वाटीखाली हायड्रोक्लोरिक आम्ल तयार! त्यात दाताचं खनिज, हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, विरघळतं. उघडं पडलेलं कोलॅजन, म्हणजे दातातलं तंतूमय प्रथिन, कॅथेप्सिन के नावाचं विकर कापून काढतं. सुटं झालेलं कॅल्शियम शरीर परत घेतं, पेशी पुढे सरकते, मागे एक खळगा उरतो.

तिला बोलावतं कोण? वाढणाऱ्या पक्क्या दाताभोवतीच्या पिशवीतल्या पेशी. त्या रँकल नावाचं प्रथिन सोडतात, म्हणजे ‘या, खा’ असा निरोप. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरं प्रथिन रँकललाच पकडून ठेवतं, तो ब्रेक. दोघांच्या प्रमाणावर कुठे पोखरायचं आणि कुठे थांबायचं हे ठरतं. ऑस्टिओपेट्रोसिस या आजारात हाड पोखरणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, आणि मग दात जबड्यातच अडकून बसतात. म्हणजे नव्याला वाट मिळते तीसुद्धा या खादाड पेशींमुळेच.

एवढं कळल्यावर ‘दात मजबूत करणाऱ्या’ पावडरींच्या जाहिराती बघून हसू येतं. मूळ विरघळतंय ते ठरल्याप्रमाणे. कॅल्शियम चाटवून ते थांबत नाही आणि थांबायलाही नको. पिल्लांसाठीचं संतुलित खाणं मिळत असेल, तर वरचं कॅल्शियम अपायच करू शकतं.

वरचा पक्का सुळा दुधाच्या सुळ्याच्या किंचित पुढून उगवतो. त्यामुळे काही दिवस एकाच बाजूला दोन सुळे दिसतात, एक जाडसर, एक सुईसारखा. घाबरायचं कारण नाही. मात्र नवा पुरता वाढला तरी जुना हलेना, तर डॉक्टरांना दाखवावं. दोघांच्या फटीत घाण साचते आणि नवा वाकडा बसू शकतो.

या पेशींची दुसरी बाजूही आहे. पिल्लूपण सरल्यावर त्यांनी दातांपासून दूर राहावं, पण पुष्कळ मांजरांत, विशेषतः वय वाढल्यावर, त्या परततात आणि पक्का दात पोखरू लागतात. बाहेरून ती कीड वाटते. पण कीड जिवाणूंच्या आम्लाने लागते, आणि तशी कीड मांजरांत जवळजवळ आढळतच नाही. इथे दात पोखरतात त्या मांजराच्याच पेशी. त्या अशा का बिथरतात, याचं नेमकं कारण अजून हाती आलेलं नाही. पोखरलेल्या मुळाच्या जागी कधी कधी हाडासारखा पदार्थ भरतो, आणि एक्स-रेमध्ये मूळ कुठे संपतं, जबडा कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

ओठ वर करून पाहिलं तर कधी कधी दाताच्या बुडाशी लाल ठिपका दिसतो. खळग्यात हिरडी चढलेली असते. तिथे काही टेकलं की मांजराचा खालचा जबडा थरथरतो, भूल दिलेली असली तरीसुद्धा.