उजेडाने बांधलेले मणी

ओहोटीला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर अनवाणी चाललं की ओल्या वाळूतल्या वळ्या तळव्यांना लागतात. एकीपासून दुसरी जवळपास सारख्याच अंतरावर. वाळूचा जरासा उंचवटा झाला, की त्यावरून जाणारं पाणी पलीकडे भोवरा करतं, तिथली वाळू हलते, आणि थोड्या अंतरावर पुढची वळी धरते. पाणी वाळूला घडवतं, वाळू पाण्याची वाट बदलते.

लेसर आणि पाण्यातले सूक्ष्म मणी यांच्यातही असाच व्यवहार चालतो.

उजेड वस्तूला ढकलतो, फक्त फारच हलकेच. एक मिलिवॅटचा झोत पूर्ण शोषला गेला तरी जोर किती? एका न्यूटनचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम तीन. पण प्लास्टिकचा मणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असेल, तर पाण्यातलं त्याचं वजन याहूनही सुमारे दहा हजार पटींनी कमी भरतं. त्याच्यासाठी हा धक्का दांडगाच. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर अॅश्किन यांनी १९७० मध्ये असे मणी लेसरने हलवून दाखवले. पुढे याच वाटेने घडलेल्या, सूक्ष्म कण उजेडाने पकडून ठेवणाऱ्या प्रकाशाच्या चिमट्यासाठी २०१८ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं.

मला मात्र त्यापुढची गोष्ट जास्त मोहवते. १९८९ मध्ये बर्न्स, फोर्निए आणि गोलोव्हचेंको या संशोधकांनी एकाच झोतात दोन मणी ठेवले. ते वाटेल तिथे राहिनात. ठरावीक अंतरंच पसंत करू लागले, आणि ही अंतरं प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतच्या अंतराच्या, टप्प्यांनी वाढत होती. कारण असं : प्रत्येक मणी स्वतःवर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. या विखुरलेल्या लाटा मूळ झोताला भेटतात. शिखराला शिखर मिळालं की तिथे उजेड वाढतो, आणि पाण्यापेक्षा जास्त अपवर्तनांक असलेला, म्हणजे उजेडाचा वेग पाण्याहून जास्त कमी करणारा मणी उजळ जागेकडे ओढला जातो. दुसरा मणी तिथे टेकला, की त्याचाही विखुरलेला उजेड पहिल्याला धरून ठेवतो. हिरव्या लेसरची हवेतली ५१५ नॅनोमीटर तरंगलांबी पाण्यात सुमारे ३८७ होते. म्हणजे टप्पाही तेवढाच. मणी वाढवले तर ओळी आणि जाळ्या तयार होतात. पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात, तरी मांडणी थरथरत टिकते.

लेसर बंद केला की मात्र मणी लगेच पांगू लागतात. भाट्याच्या वळ्या पाणी ओसरल्यावरही उरतात, पुढच्या भरतीपर्यंत.