भाड्याचा कॉन्सन्ट्रेटर कायद्यात बसतो कुठे?

पुण्यात डिस्चार्जची तारीख ठरली की घरचे फॉवलर बेड (डोक्याकडची, पायाकडची बाजू उचलता येणारी खाट), एअर बेड, कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर शोधायला लागतात. मिळतं दोन ठिकाणी: डिपॉझिट घेऊन भाड्याने देणारं दुकान, नाहीतर एखाद्या सेवाभावी संस्थेचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. हा व्यवहार सरकारने मुद्दाम मोकळा ठेवला, असं अनेकांना वाटतं. खरं तर कितीतरी वर्षं कायद्याची नजरच तिकडे गेली नव्हती.

1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात उपकरणं आली ती 1982 च्या दुरुस्तीने, आणि तीही केंद्राने अधिसूचित केली तरच. 1989 मध्ये सिरिंज आणि सुया आल्या, 2005 मध्ये स्टेंट, हृदयाच्या झडपा, हाडांची इम्प्लांट्स. ढोबळमानाने शरीरात शिरणारी वस्तू तेवढी कायद्यात, खाटेशेजारी ठेवायची बाहेर. यातून गंमतच झाली. सिलिंडरमधला वैद्यकीय ऑक्सिजन कायद्याने औषध, सिलिंडरवर गॅस सिलिंडर नियमांचा वेगळा पहारा, आणि तोच ऑक्सिजन घरच्या हवेतून काढून देणारं यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, मात्र तेव्हा कुणाच्याच यादीत नव्हतं.

जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनी धोक्यानुसार अ (सर्वांत कमी धोका) ते ड असे चार वर्ग पाडले. 11 फेब्रुवारी 2020 ला केंद्राने सरसकट सगळी उपकरणं 'औषध' ठरवली, 1 एप्रिलपासून. मधल्या काळातच, 9 मार्चला, राज्यातले पहिले कोरोनाबाधित पुण्यात सापडले. उत्पादक आणि आयातदारांना मुदत दिली होती: नोंदणी आधी ऐच्छिक, परवाना अ आणि ब वर्गाला ऑक्टोबर 2022 पासून, क आणि ड वर्गाला ऑक्टोबर 2023 पासून. त्यामुळे दुसऱ्या लाटेत घरोघरी पोचलेले कॉन्सन्ट्रेटर कागदावर औषध होते, पण परवान्याची सक्ती अजून दूर होती. त्या धांदलीत परदेशातल्या नातेवाइकांनी भेट म्हणून पाठवलेल्या यंत्रांनाही 31 जुलै 2021 पर्यंत वाट मोकळी करून दिली गेली. नफेखोरी आवरायला जून 2021 मध्ये कॉन्सन्ट्रेटरवरच्या व्यापारी नफ्यावर 70 टक्क्यांची मर्यादा आली.

लेखी सूट आली ती 2022 च्या ऑक्टोबरात. अ वर्गातली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी उपकरणं बनवायला किंवा आयात करायला परवाना नको, संकेतस्थळावर स्वतः माहिती भरून नोंदणी पुरे. त्याआधी सप्टेंबरमध्ये विक्रेत्यांसाठी एमडी-42 हे प्रमाणपत्र आलं. आपल्याकडे ते राज्याचं एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, देतं. ज्या औषध दुकानाकडे विक्रीचा परवाना आधीपासून आहे, ते त्यावरच उपकरणं विकू शकतं.

अमेरिकेत फ्लोरिडाने हे उलट्या बाजूने केलं. घरी उपकरणं विकणारा किंवा भाड्याने देणारा, दोघांनाही परवाना लागतो. मग कायद्यातच रुग्णालयं, नर्सिंग होम, हॉस्पिस (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्था), औषध दुकानं अशी सूट मिळालेल्यांची यादी आहे. त्यांच्यावर आधीच दुसरा परवाना आणि तपासणी असते, हे त्यामागचं तर्कशास्त्र मला पटतं.

एमडी-42 च्या मजकुरात विकणं, साठवणं, प्रदर्शित करणं, वितरण करणं एवढंच आहे. भाड्याचा उल्लेख नाही. वितरणात भाडं येतं असा अर्थ एखादा अधिकारी काढूही शकेल. पण एका घरून परत आलेलं यंत्र पुढच्या घरी जाण्याआधी फिल्टर बदलला का, नळी आणि मास्क नवे दिले का, हे पाहणारा मुद्दा विक्रीच्या प्रमाणपत्रात सापडणार नाही.