माया वास्तुशिल्प : कोरीव प्रतीकांचा अर्थनिर्णय

मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वातेमाला, बेलीझ, तसेच होंडुरास व एल साल्वादोर यांचा पश्चिम भाग येथे विखुरलेल्या माया नगरांच्या अवशेषांचा, त्यांची रचना, शिल्पे व लेख एकत्र वाचून अर्थ लावण्याचा अभ्यास. अभिजात कालखंड (सु. इ. स. २५०–९००) हा त्याचा मुख्य आधार आहे, कारण तिथी दिलेले बहुतेक लेख याच काळातले आहेत. माया तिथींचे इसवी सनात रूपांतर करण्यासाठी गुडमन-मार्तीनेस-टॉम्पसन जुळणी सर्वाधिक मान्य असून पुढील सने तिच्यानुसार दिली आहेत. भारतीय वाचकाला या नावावरून मयासुर व मयसभा आठवणे साहजिक आहे. पण ते केवळ नामसाधर्म्य होय. ‘माया’ या नावाचा संबंध युकातानमधील मायापान या नगराच्या नावाशी जोडला जातो.

बांधकाम : दगड चुनखडीचा, जोडणी व गिलावा चुन्याचा. लोखंडी हत्यारे किंवा ओझी वाहणारी जनावरे नव्हती. घडाई गारगोटीच्या व इतर दगडी हत्यारांनी होई. दोन्ही भिंतींचे थर पुढे सरकवत नेऊन माथ्याशी एका दगडाने मिटवायचे, अशी कमान वापरल्याने दालने अरुंद व अंधारी राहिली. म्हणून शिल्पकाराचे लक्ष मुख्यतः बाह्यांगावर, म्हणजे दर्शनी भिंती, जिने आणि छतावर उभारलेली तटासारखी शिखरभिंत यांवर राहिले. ग्वातेमालातील तिकाल येथील चौथे मंदिर (सु. ७४१) सु. ६५ मी. उंच आहे.

अर्थनिर्णयाचा इतिहास : अमेरिकन प्रवासी जॉन लॉइड स्टीव्हन्स याने १८३९ मध्ये होंडुरासमधील कोपान या नगराचे कोरीव स्तंभ पाहिले, तेव्हाच त्यांवर त्या नगराचा इतिहास कोरला असावा असे त्याचे मत झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र हे मत मागे पडले. माया-अभ्यासक एरिक टॉम्पसन यांच्या प्रभावाखाली स्तंभांवरील व्यक्ती देव किंवा पुरोहित आणि लेख म्हणजे निव्वळ कालगणना, असे समजले जाई. कोपानच्या ‘क्यू’ वेदीचे उदाहरण बोलके आहे. या चौकोनी दगडाच्या प्रत्येक बाजूस चार अशा सोळा बैठ्या व्यक्ती आहेत. ती ज्योतिर्विदांची परिषद असावी, असे अनेक वर्षे सांगितले गेले. वस्तुतः ते कोपानचे सोळा राजे असून बहुतेक जण आपापल्या नामचिन्हावर बसलेले आहेत. दर्शनी बाजूस पहिला राजा सोळाव्याला अधिकारचिन्ह देत आहे. वेदी ७७६ च्या सुमारास स्थापली गेली.

हा बदल तीन संशोधकांमुळे झाला. यूरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये लिपीत ध्वनिचिन्हे असल्याचे दाखवले. हाइन्रिख बेर्लिन यांनी १९५८ मध्ये विशिष्ट नगरांशी निगडित चिन्हे ओळखली. तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी १९६० मध्ये पिएद्रास नेग्रास येथील स्तंभांचे गट पाडून, प्रत्येक गटातील तिथी एका माणसाच्या आयुष्यात बसतात, हे सिद्ध केले. कोनाड्यात बसलेली जी मूर्ती देवाची मानली जाई, ती राज्यारोहणाच्या प्रसंगीची राजाची ठरली. या विषयातील सर्वांत निर्णायक लेखन प्रोस्कुरियाकॉफ यांचेच म्हटले पाहिजे, कारण लिपी वाचता येत नसताना त्यांनी केवळ तिथींच्या मांडणीवरून हा निष्कर्ष काढला.

लांबनाके मुखवटे : सर्वांत दीर्घ वाद यांविषयी आहे. युकातानच्या पुऊक टेकड्यांतील उश्माल, काबाह, लाबना इ. ठिकाणी (सु. आठवे ते दहावे शतक) भिंतीचा खालचा भाग साधा आणि वरचा पट्टा मुखवट्यांनी भरलेला असतो. मुखवटा अखंड कोरलेला नसतो. डोळे, भुवया, कर्णभूषणे, दात हे वेगवेगळे घडीव दगड चुना-खडीच्या गाभ्यावर बसवलेले असतात, आणि सोंडेसारख्या नाकाच्या दगडाची मागची शेपटी भिंतीत खोल रोवलेली असते. काबाहच्या ‘कोत्स पोप’ या इमारतीवर असे सु. २५० मुखवटे होते.

या नाकात काहींना हत्तीची सोंड दिसली. ग्राफ्टन एलियट स्मिथ यांनी १९२४ मध्ये कोपानच्या ‘बी’ स्तंभावरील (७३१) वरच्या आकृती भारतीय हत्ती असल्याचे प्रतिपादले. त्या वस्तुतः मकाव पोपटाच्या चोची आहेत, हे प्राणिशास्त्राच्या आधारे त्यापूर्वीच सुचवले गेले होते. पुढे स्तंभावर ‘मो वित्स’, म्हणजे ‘मकाव-पर्वत’, हे नावही वाचले गेले. हत्तीचा प्रश्न तेथे मिटला.

पुऊक मुखवटे पर्जन्यदेव चाक याचे, हे मत त्यानंतरही रूढ राहिले. त्याला आधार आहे. या टेकड्यांत नद्या नाहीत; पाणी जमिनीत खणलेल्या ‘चुल्तुन’ टाक्यांत साठवावे लागे, आणि माया हस्तलिखितांतील चाक देवाचे नाकही लांब व खाली लोंबणारे आहे. तथापि १९८७ मध्ये डेव्हिड स्टुअर्ट यांनी ‘वित्स’ (डोंगर) या शब्दाचे चिन्ह वाचल्यावर चित्र बदलले. कोपानच्या २२ क्रमांकाच्या मंदिराच्या कोपऱ्यांवर एकावर एक रचलेल्या मुखांवर दगडाची खूण आहे : द्राक्षाच्या घोसासारखे टिंबांचे पुंजके. ती मुखे म्हणजे सजीव डोंगर, आणि जबड्याच्या आकाराचा दरवाजा म्हणजे डोंगरातली गुहा. चेनेस शैलीतील होचोब व चिकान्ना येथील जबड्याची दारेही याच अर्थाने पाहिली जातात. (आपल्याकडील कीर्तिमुखाशी साम्य मनात येते, पण संबंध नाही.)

कोपानपुरते ‘वित्स’ निश्चित मानावे. पुऊक मुखवटेही कोपऱ्यांवर तसेच रचलेले असल्याने तेथेही डोंगराचा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. पण त्यांना नाव देणारा लेख नाही. शिवाय माया समजुतीनुसार पाऊस डोंगरातल्या गुहांतूनच निघतो. त्यामुळे चाक आणि वित्स यांतला एकच निवडलाच पाहिजे, असे नाही.

पाकालची शवपेटी : मेक्सिकोतील पालेंके नगराच्या लेखमंदिराखालील कबर आल्बेर्तो रुस यांनी १९५२ मध्ये उघडली. झाकणावर राजा पाकाल (६०३–६८३) मागे रेलून पाताळाच्या हाडाळ जबड्यात आहे आणि त्याच्या देहातून विश्ववृक्ष वर जातो. टोकाला दिव्य पक्षी आहे. पेटीच्या बाजूंवर पूर्वज फळझाडांसह जमिनीतून वर येताना कोरले आहेत. मका जसा पेरल्यावर उगवतो तसा राजाचा पुनर्जन्म, हा अर्थ बाजूंच्या शिल्पांसह पाहिल्यास स्पष्ट होतो. झाकण आडवे धरून त्यात अंतराळयान पाहणाऱ्या लोकप्रिय तर्काला या शिल्पांत कोठेही जागा नाही.

दिशायोजना : युकातानमधील चिचेन इत्सा येथील ‘कास्तियो’ या पायऱ्यांच्या पिरॅमिडला चार जिने, प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्याची एक, अशा ३६५ होतात, ही गणना वर्षाशी जुळते. संपातदिनी (दिवस व रात्र समान असताना) उत्तर जिन्याच्या कठड्यावर उमटणारा छायासर्प, म्हणजे सापासारखी दिसणारी ऊन-सावलीची आकृती, मात्र आधीनंतरच्या दिवसांतही दिसतो. तो नेमका दिवस दाखवण्यासाठी योजला होता, असे म्हणता येत नाही.

रंग : बाह्यांगावरील गिलाव्याचे रंग जवळपास सर्वत्र गेले आहेत. कोपानच्या सोळाव्या मंदिराच्या पोटात १९८९ मध्ये सापडलेले ‘रोसालिला’ (सहावे शतक) हा अपवाद. जुनी वास्तू पाडून त्यावर नवी बांधण्याच्या प्रथेविरुद्ध ही अखंड गाडली गेली. तिच्या लाल भिंतींवर सूर्यदेवाच्या मुखाबरोबर केत्साल व मकाव या पक्ष्यांची लक्षणे आहेत. त्यांतून कोपानचा पहिला राजा किनिच याश कुक मो याचे नाव साधले जाते.